गाडी शिकतेय!

...आणि वर मलाच विचारतात, "तू बोलली का नाहीस?" माझी बहीण विचारते, वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर विचारतात, गॅरेजच्या मिस्त्रीने तर सगळ्यांदेखत विचारलं! अहो, मी बोलणार होते! तुम्हाला सांगते, शपथेवर सांगते, मी बोलणारच होते. फक्त केस विंचरायला थांबले. बाईमाणसाने चार मिनिटं केस विंचरायला थांबू नये? तेवढ्यात कुणाचं अख्खं इंजिन मरतं का?... मरतं. माझं मेलं.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मीच दुष्ट. आहेच मी दुष्ट, पण पहिल्यापासून ऐका.

मी घरोघर जाऊन रक्त काढते. लॅबसाठी. सकाळी सहा ते दहा, आठ-नऊ घरं, उपाशीपोटी बसलेली, चहा न मिळाल्यामुळे माझ्यावर डाफरणारी माणसं. शीर सापडली की नीट चाचपायची, खात्री करायची आणि मगच टोचायचं. तोंडाळ पेशंटला सुई जरा जास्त टोचते असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, पण खरं आहे. तर काय सांगत होते... हां, गुडघा! माझा डावा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबायचा नाही. मी घरी येऊन रडवेल्या तोंडाने सांगितलं, तर आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "गुडघाच ना? दोन असतात. त्यात काय एवढं?"

हे यांचं पेटंट वाक्य. त्यात काय एवढं? हे शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवत होते. रिटायर झाले तेव्हा अख्ख्या शाळेने सुटकेचा श्वास सोडला, आणि आमच्या घरात माझा जो अडकला तो अडकलाच. सकाळी दात घासताना बोलतात, तोंडात फेस असताना! दूध उतू का जातं, नळ का ठिबकतो, मी पोळी चुकीच्या हाताने का उलटते... आणि शेवटी, त्यात काय एवढं? माझी आई गेली त्या दिवशी मी टेबलाशी बसून रडत होते, तर यांनी पाठीवरून हात फिरवला, फिरवला हो, नाही कशाला म्हणू, आणि म्हणाले, "एक्क्याऐंशीच्या होत्या. कधीतरी जायच्याच. त्यात काय एवढं?" तो हात अजून माझ्या पाठीवर आहे. उतरलाच नाही.

म्हणून मी गाडी घेतली. माझ्या पगाराची, माझ्या नावाची. रोबोटवाल्या गिअरची. म्हणजे आत गिअर साधेच असतात, फक्त क्लच दाबायला एक यंत्र बसवलेलं असतं, तुमच्याऐवजी तेच दाबतं, तेच सोडतं. माझा डावा पाय निवांत. पण खरं सांगू? पायासाठी नव्हतीच ती गाडी. घरापासून पहिल्या पेशंटपर्यंत वीस मिनिटं, काचा वर, रेडिओ बंद, आणि कुणीही, कुणीही बोलत नाही! शेवटचं घर झालं की मी गाडी एका भिंतीच्या सावलीत लावून नुसती बसायचे. दहा मिनिटं. कशाचाही विचार न करता. आमच्या तीन खोल्यांत माझी एक खोली नाही. ती गाडी माझी खोली होती.

तर झालं काय, गाडी पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना धक्का द्यायला लागली. मी गॅरेजला नेली. मिस्त्री मोठा सज्जन, त्याने गाडी वर उचलली, म्हणाला, "या मॅडम, खाली या, बघा. गिअरबॉक्सचं तेल बदलायचंय, दोन लिटर. हा नट इंजिनचा. आणि हा पलीकडचा, गिअरबॉक्सचा. दिसायला सख्खे भाऊ. घरी तेल बदलणारे शहाणे नेमका इंजिनचा खोलतात, आणि मग गाडी माझ्याकडे दोरीने बांधून येते." मी बोट लावून बघितलं. हा इंजिनचा, हा गिअरचा. शिरा ओळखणारी बाई मी, नट काय ओळखणार नाही? "आणि तेल बदललं," तो म्हणाला, "की कॉम्प्युटर लावून गाडीला पुन्हा शिकवावं लागतं, क्लच कुठे पकडायचा, कुठे सोडायचा."

घरी येऊन हे सगळं सांगितलं. चूक माझी. सांगितलं कशाला?

"गॅरेज?" हे ताडकन उठले. "तेल काढायचं, तेल भरायचं, त्यात काय एवढं? आणि शिकवायचंच असेल तर बत्तीस वर्षं मी काय केलं?"

मी म्हटलं, "अहो, पण खाली दोन नट असतात, त्यातला..."

"तू सुया टोच गं. नट माझ्यावर सोड."

सोडला.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्रयोग! प्रयोगच म्हणायचा, कारण प्रेक्षक बोलावले होते. वरचे दातांचे डॉक्टर आले. सासूबाईंना खुर्ची टाकली. वय ब्याऐंशी, नजर घारीसारखी, पण फक्त माझ्यावर. गाडी जॅकवर, खाली लाकडी ठोकळे, आणि हे कमरेपर्यंत गाडीखाली, नुसते पाय बाहेर. पायात माझ्या सपाता. मी एवढा दुखरा गुडघा टेकून खाली वाकले, बघते तर काय... पाना इंजिनच्या नटाला! मी म्हटलं, "अहो, तो..."

"उजेड अडवू नकोस!"

झाले बाजूला. आता तुम्ही सांगा, बोलले की नाही मी? दोनदा बोलले!

तेल आलं. काळंकुट्ट, भसाभसा, पाटीभर. काळं येणारच, इंजिनचं तेल ते, काळंच होतं! पण हे खालून सरपटत बाहेर आले, बोट त्यात बुडवलं आणि सगळ्यांसमोर नाचवलं. "बघा! बघा गिअरबॉक्सची काय दशा केलीय हिने! ही बाई गाडी चालवते की कोळशाची वखार?" सासूबाई लगेच, "मी म्हणतच होते, हिच्या हाताला काही टिकतच नाही." आणि डॉक्टर, मी ज्यांच्या आईचं रक्त दर महिन्याला फुकट काढते ते डॉक्टर, हसले हो! "वहिनी, चालवता की नांगरता?"

ते हसणं नसतं ना, तर माझी गाडी आज जिवंत असती. त्या क्षणी मी ठरवलं, आता नाही बोलायचं. आता सगळं होऊ दे. नट लावू दे, तेल भरू दे, हात धुऊ दे, भाषण करू दे. आणि किल्ली फिरवायला हात गेला की मग सगळ्यांसमोर, गाडीचं पुस्तक उघडून, चित्रावर बोट ठेवून, अगदी गोड आवाजात म्हणायचं, "अहो, हे काय हो?" फक्त एवढंच. अख्ख्या संसाराचा हिशोब एका वाक्यात. तुम्हाला सांगते, मला इतका आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता.

मग भरायची वेळ आली, आणि भरायचं भोक मात्र यांनी बरोबर गिअरबॉक्सचंच उघडलं. डॉक्टर वरून नरसाळं धरून तेल ओततायत, हे खाली भोकाकडे डोळा लावून झोपलेत. गिअरबॉक्स काठोकाठ भरलेलाच! त्यातलं काढलंय कुणी? वाटीभर तेल गेलं न गेलं तोच भोकातून धार लागली ती थेट यांच्या कपाळावर. "बस! बस! भरलं!"

डॉक्टर म्हणाले, "एवढ्यात? निघालं पाटीभर आणि गेलं वाटीभर?"

म्हटलं, आता कळणार. विज्ञानाचे मास्तर, जन्मभर पोरांना सांगत आले की पदार्थ नाहीसा होत नाही, तर उरलेलं तेल गेलं कुठे? हे बाहेर आले, कपाळ पुसलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "जुनं तेल फुगतं."

फुगतं!

"आणि तो मिस्त्री दोन लिटर सांगत होता," हे म्हणाले, "चोर आहेत सगळे. बघितलंत? त्यात काय एवढं?"

मला हसू आवरेना. म्हटलं आता वर जाते, पुस्तक आणते. पळत वर गेले, पुस्तक काढलं, पान उघडून खूण घातली. आणि निघता निघता आरशात दिसले. केस पिंजारलेले, गालावर तेलाचा डाग. म्हटलं, आयुष्यात एकदा मिळणारा प्रसंग, आणि असं ध्यान घेऊन जायचं? सगळे बघणार माझ्याकडे! तोंड धुतलं. केस विंचरले. मग वाटलं, ते मोत्याचे कानातले घालावेत. ते सापडेनात... बरं, चार नाही, बारा मिनिटं लागली. झालं समाधान?

खाली आले. कानात मोती, हातात पुस्तक, पानात खूण. पार्किंग रिकामं. डॉक्टर एकटे हात धूत होते. "अहो वहिनी, साहेब आईंना घेऊन एक चक्कर मारून येतो म्हणाले."

मी यांना फोन लावला. तेलाच्या डब्यावर वाजला. घाईघाईत डॉक्टरांनी उचलला. चार हातांच्या अंतरावर उभे राहून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, आम्ही दोघं हॅलो म्हणालो.

पुढचं मला सासूबाईंनी सांगितलं. गाडी कोपऱ्यावर वळली तोच स्टिअरिंगच्या मागे लाल दिवा लागला. त्या म्हणाल्या, "अरे, हा दिवा कसला?" तर हे काय म्हणाले माहितेय? "मिस्त्री म्हणाला होता ना, तेल बदललं की शिकवावं लागतं? गाडी शिकतेय, आई!" मग आतून खडखड व्हायला लागली. "शिकताना थोडा आवाज होतोच." पेट्रोलपंपाच्या पुढे खडखडीचं ठणठण झालं, आणि मग गाडी शिकायची थांबली. कायमची.

दोरीने बांधून गॅरेजला नेली. अगदी मिस्त्रीने सांगितलं होतं तशी. त्याने खालून बघितलं, वरून बघितलं, डोक्यावर हात मारला. इंजिन आतल्या आत जाम. नवीन टाकायचं तर नवी गाडी बरी. "पण मॅडम," तो म्हणाला, बिचारा समजूत घालत होता, "गिअरबॉक्स बघा कसा ठणठणीत! अजून वीस वर्षं काही होत नाही याला." आणि मग माझ्याकडे वळून, तुम्हाला सांगते, जीभ झडो त्याची, "पण तुम्हाला तर मी बोट लावून दाखवलं होतं ना? दोन्ही नट? मग तुम्ही बोलला नाहीत?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी माझ्या कानातल्या मोत्यांकडे बघितलं. आणि यांनी... यांनी माझ्याकडे इतकं नीट बघितलं, इतका वेळ, की लग्नाच्या आधी बघायला आले होते तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. सगळं कळलं त्यांना. फक्त या एका माणसाने मला विचारलं नाही, की तू बोलली का नाहीस. ओरडा की हो, मी मनात म्हणत होते, एकदा तरी ओरडा! हे ओरडले नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवला. तिथेच, त्याच जागी. म्हणाले, "गाडीच ना? त्यात काय एवढं? मी सोडत जाईन तुला. रोज. मी रिकामाच असतो."

ही माफी होती की शिक्षा, मला अजून कळलेलं नाही. तीन महिने विचार करतेय.

आता आम्ही स्कूटरवर जातो. पहाटे साडेपाचला, दुखरा गुडघा वर उचलून मी मागे बसते, आणि यांचं तोंड सुरू होतं. वारा कुठून येतो, सिग्नलला तीनच रंग का... उत्तर दिलं नाही तर मान मागे वळवून विचारतात, चालत्या स्कूटरवर! पेशंटच्या घरी खाली थांबत नाहीत हो, वर येतात. मी शीर शोधतेय आणि हे मागून, "अगं, ती डावीकडची बघ, फुगलीय. त्यात काय एवढं?" पेशंट खूश. एका आजोबांनी तर लॅबला फोन करून सांगितलं, मास्तरांनाच पाठवत जा. भिंतीच्या सावलीत आता मी जात नाही. गेले तर हेही बसतील शेजारी.

एकच आधार आहे. हेल्मेट. जाड घेतलंय, माझं मी निवडून. अगदीच शांत नसतं आत, पण निम्मं तरी वाऱ्यात उडतं.

आणि काल संध्याकाळी हे म्हणतात कसे, "स्कूटरचं तेल बदलायला झालंय. रविवारी करून टाकतो. त्यात काय एवढं?" स्कूटरलासुद्धा खाली दोन नट असतात, माहीत होतं तुम्हाला? एक इंजिनचा, एक गिअरचा. मी पुस्तक वाचलं. आणि विंचरलं नाही, कानातले नाहीत, काही नाही, तशीच्या तशी यांना ओढत खाली गेले, गुडघा टेकला, योग्य नटावर खडूने हा एवढा मोठा गोल काढला आणि म्हटलं, "हा. फक्त हा. दुसऱ्याला हात लावायचा नाही!"

हे किती सुखावले म्हणून सांगू. म्हणाले, "बघ, मनात आणलं की बोलतेस की नाही?"

बोलणार नाही तर काय करू? स्कूटर मेली, तर सोमवारपासून चालत जावं लागेल. दोघांनी. आणि चालताना हेल्मेट घालत नाहीत हो!