दारातली बाज

नाही, रंगराव पाव्हणं, आज नका नेऊ तिला. लेक तुमची आहे, माहेरी न्यायचा हक्क तुमचा आहे, माझं काही म्हणणं नाही — पण सहावा महिना चाललाय, थंडी वाजून ताप येतोय, आणि भोसरीपासून बार्शीपर्यंत एसटीचे हिसके? गाडी वाटेत कुठं थांबेल, कुठं नाही... डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलंय, लघवी तुंबवायची नाही. तुंबली की जंतू वाढतात, वर मूत्रपिंडापर्यंत चढतात, मग बाळ दिवस भरायच्या आधीच — राहू दे, मला म्हणवत नाही ते. मागच्या महिन्यात एकदा होऊन गेलं, गोळ्यांनी बरं वाटलं, आता परत तेच. ताप उतरला नाही तर दवाखान्यात ठेवायचं म्हणाल्या. सासऱ्यानं असलं बोलू नये, कळतं मला. पण तिची सासू गेली, साहेबराव पहिल्या शिफ्टला जातो, मग बोलायचं कुणी? जरा हळू बोला — मधे पत्रा आहे नुसता, आत सगळं ऐकू जातं तिला.

काय? पाणी देत नाही? आम्ही? कुणी सांगितलं — जाईनं? छे, ती नाही सांगायची. ओठ सुकलेत ते मलाही दिसतंय. अहो, सकाळी साहेबराव कंपनीत गेला की मी ही बाज दारात ओढतो आणि बसतो. कशाला? तर तिनं पाणी प्यावं म्हणून. तंबाखूसुद्धा इथंच मळतो, हलत नाही. घडीघडी विचारतो — जाई, प्यालीस का? प्याले, मामा, म्हणते. आणि आतला हंडा बघावा तर भरलेला तसाच. खोटं बोलते पोर. मला राग नाही येत, पाव्हणं. भ्या वाटतं.

संडास? आहे की! गावाकडं तुमच्या बायका अंधाराची वाट बघतात, तसं नाही इथं. आधी मागं ज्वारी होती, तिकडंच जायच्या सगळ्या, आता तिथं कारखान्याचं कुंपण आलं. पण मालकानं बांधून दिलाय, चाळीच्या त्या टोकाला. आतून कडी आहे. मागचं दार नाही आपल्या खोलीला, पण हे असं माझ्यासमोरून निघालं की पोचलं. एवढंसं अंतर. तिला अडचण कसली आहे, तेच मला —

थांबा. ऐकलंत? डब्यात पाणी ओततेय. आता येईल बघा. पाय घ्या आत, वाट द्या तिला.

...

नाही आली. ठेवला खाली डबा. सकाळपासून हेच चाललंय — डबा भरते, दारापर्यंत येते, बांगड्या वाजतात, की परत आत. मला वाटलं, आजारानंच होत असेल तसं, सारखं जावंसं वाटतं आणि होत नाही, बाईंनी सांगितलं होतं —

असं का बघताय माझ्याकडं?

डोक्यावर पदर घेतल्याशिवाय ती माझ्यापुढं येत नाही, पाव्हणं. तुम्हीच लावलंय वळण, चांगलं लावलंय. मी आत शिरलो की उठून उभी राहते, एवढी अवघडलेली, नको म्हटलं तरी. आणि ती सासऱ्यासमोरून... हातात डबा घेऊन... अरे देवा. मी इथं राखण बसलोय. दिवसभर पी, पी करतोय — पिणार कशी ती? प्याली की जावं लागणार, आणि जायचं तर माझ्या पायांवरून! साहेबराव दुपारी येईस्तोवर धरून बसत असेल. कालही. परवाही. पोटात लेकरू घेऊन.

धरा. बाजेचा तो पाय धरा, पाव्हणं. पलीकडं, पाण्याच्या टाकीमागं नेऊ. नाही, आता काही बोलू नका — न्यायची का ठेवायची, ते तिथं बसून भांडू. तुम्ही म्हणाल ते ऐकतो मी. आधी उचला.

जाई! मी आणि तुझे आबा टाकीमागं बसतोय गं. बाज तिकडंच राहील आता. शेजारच्या सोजरबाईला पाठवतो तुझ्याकडं.

चला. मागं बघू नका.