एकोणसाठ नंबरचा कॉम्प्युटर

तुम्हाला हसू येईल, पण आमच्या बेटावरच्या गुडलँड्स गावातल्या कापड कारखान्यातली सुनीताची नोकरी माझ्या मराठीच्या हट्टापायी जाणार होती. तिथले कॉम्प्युटर नुकतेच एकमेकांना जोडले होते आणि प्रत्येकाचा वेगळा नंबर हाताने भरावा लागे; ते नंबर ठरवून देण्याचं काम माझ्याकडे होतं. सुनीता देवळातल्या माझ्या मराठी वर्गातली, म्हणून मी फोनवर अभिमानाने सांगितलं, "एकोणसाठ."

थोड्याच वेळात तिचा फोन आला. "गुरुजी, माझा आणि मॅनेजरचा, दोन्ही कॉम्प्युटर ठप्प झाले."

"काय भरलंस?"

"तुम्हीच सांगितलंत ना, एक आणि साठ. एकसष्ट."

एकसष्ट हा मॅनेजरचा नंबर होता.

"साहेब म्हणतात, आता जमलं नाही तर घरी जा," ती म्हणाली. "नंबर क्रेओलमध्ये सांगा."

वर्गात क्रेओल, म्हणजे बेटावरची रोजची फ्रेंच वळणाची बोली, बोलणाऱ्याला मी बाहेर काढत असे.

"सेंकांत-नेफ," मी म्हणालो. पन्नास आणि नऊ.