कोरड्या फळीवरचा नळ

...आणि वर लोक विचारतात, "परदेशी जाऊन आलास, मजा केली असशील!" डोंबलाची मजा! तुम्हाला सांगतो, दोन विमानं बदलून, पाठीवर कॅमेरा लादून पोचलो, तर गेस्ट हाऊसची खोली कशी? भिंतीला बुरशी, बादलीत आधीच्या पाहुण्याचे केस आणि बाथरूमचा नळ... टप, टप, टप. बरं, मी फिल्म कशावर करायला गेलो होतो, माहितीये? बायकांना प्लंबिंग शिकवण्यावर! शेजारच्या शेडमध्ये पन्नासेक प्लंबर तयार होतायत आणि इथं माझा नळ गळतोय. शी!

सकाळी शेडमध्ये गेलो. प्रकल्पाचे साहेब, कडक इस्त्री, अत्तराचा घमघमाट... "या, या, हे आमचं प्रॅक्टिकल." बघतो तर काय, भिंतीला एक लाकडी फळी, फळीवर चकचकीत नळ. मागं पाइप नाही, टाकी नाही, काही नाही. बायका रांगेनं येतात, पान्यानं नळ काढतात, पान्यानं बसवतात, की झाल्या प्लंबर! म्हटलं, "साहेब, पाणी?" तर नाक मुरडून, "छे छे, पाण्यानं फळी खराब होते." ऐकलंत? पोहायला शिकवायचं गादीवर, दुसरं काय!

त्यात एक ताई होत्या, नवऱ्याचं दुकान बुडालेलं, घर सगळं त्यांच्या जिवावर. हळूच म्हणाल्या, "दादा, परवा सर्टिफिकेट मिळेल, पण लोकांच्या घरी जाऊन करू काय? ओल्या नळाला अजून हात लावला नाहीये मी. तुमच्या खोलीत आहे का एखादा बिघडलेला?" आता, आहे का म्हणजे? म्हटलं, "ताई, चलाच."

कॅमेरा स्टँडवर लावला. म्हटलं, चला, काहीतरी खरं मिळणार. ताईंनी पाना लावला, फळीवर शिकवलं तस्साच फिरवला... आणि नळ हातात! मागून जी धार सुटली ती सरळ माझ्या तोंडावर. अहो, आधी मेन कॉक बंद करायचा असतो, हे त्या फळीला कुठं माहीत? गंजाचं लालभडक पाणी नाकात, तोंडात, गादीत, आणि ते बादलीतले केस तरंगत येऊन माझ्या पायाला चिकटले... शी, शी, शी! ताई ओरडतायत, "हे बंद कुठून करायचं?" आणि मी फिल्मवाला, मला काय कपाळ माहीत! शेवटी त्याच धावल्या, जिन्याखाली वाकून कॉक शोधला, पिळला, वर आल्या, पिशवीतला नवा वायसर घालून नळ बसवला. कॉक उघडला. आम्ही दोघं कान देऊन उभे... टप नाही! निथळत्या ताई अशा हसल्या म्हणून सांगू.

तेवढ्यात साहेब. "खऱ्या नळाला हात लावायला कुणी सांगितलं? सर्टिफिकेट रद्द." मी भांडलो, तर मलाच, "तुम्ही फक्त शूटिंग करा." तुम्हाला सांगतो, त्या केसांची आली नव्हती एवढी किळस मला त्या माणसाची आली. ताई मात्र शांतपणे पाना पुसत होत्या, कारण साहेबांच्या मागं गेस्ट हाऊसची मालकीण उभी. "बाकीच्या खोल्यांचेही गळतात गं, उद्या येशील का?"

इकडे आलो, तर आमच्या ऑफिसनं ताईंचा सगळा भाग काढून टाकला. का? "भिंतीची बुरशी दिसते." परवा मोठ्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. पडद्यावर कोरडा नळ फिरतोय आणि लोक टाळ्या पिटतायत! मला बघवेना, तोंड धुवायला म्हणून हॉलच्या बाथरूममध्ये गेलो. तर तिथं... टप, टप, टप.

म्हटलं, गळ बाबा, निवांत गळ. तुला दुरुस्त करणारी बाई आम्ही कापून टाकलीय.