आबांचा पाय

माझं माहेर साक्रीकडचं, डोंगराच्या कडेला, आणि सासर धुळ्याच्या अलीकडं, दोन्हीकडं पाण्याची बोंब, सासरी तर बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरायचं. काय सांगू तुम्हाला, मी जन्माचीच भित्री. त्यात आमच्यात सुनेनं सासऱ्यासमोर तोंड वर करायचं नाही, बोलायचं तर नाहीच, पदर ओढून खाली मान घालून निघून जायचं. आबा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसलेले असले की मला दिसायचे फक्त त्यांचे पाय. सहा वर्षं मी पायच पाहिले बघा.

आमचे हे एस.टी.त होते, त्यांच्या हट्टानं मी धुळ्यात देवपूरला मास्तरकीच्या कोर्सला जायला लागले. ऐंशी सालानंतरची गोष्ट. आबांनी सासूबाईंकडून निरोप दिला, जाऊ दे तिले, पन गावमा बोभाटा व्हयना ते शाळा बंद. बोभाटा झाला की बंद, हे ऐकल्यापासून मी एस.टी.त पदर ओढून मागं बसायचे, वर्गातही शेवटच्या बाकावर.

तिथं सरांनी सांगितलं, नुसतं पुस्तक वाचून शिकवायचं नाही, चित्र, आवाज, गोष्ट, सगळं आपल्या हातानं करून आणा. मला विषय दिला नारू. बारवेच्या पाण्यातून पोटात जातो आणि वर्षानं दोऱ्यासारखा लांब किडा होऊन पायातून बाहेर येतो, तो नारू. तसबिरीवाल्याकडून काचेचे तुकडे आणले, चिमणीवर धरून काळे केले, गोधडीच्या सुईनं त्यावर कोरायचं, कोर्सच्या प्रोजेक्टर मशीनमध्ये घातलं की भिंतीवर पांढऱ्या रेघांचं चित्र. रेघ चुकली की पुसा काच, धरा परत चिमणीवर. पहिल्या काचेवर मी बारव, बाया, बैल, झाड, सगळं कोंबलं. सर म्हणाले, ताई, माणसानं यात बघायचं कुठं, एकच वस्तू ठेवा, डोळे मिटून काढता येईल अशी. मग मी पाय काढला. त्या साली आबांनाच नारू होता, आग व्हायला लागली की ते बारवेत पाय बुडवून बसायचे. पायाला काय तोंड असतं, कोण ओळखणार, असं मला वाटलं हो. टेपमध्ये कळशी बुडल्याचा आवाज भरला आणि वर माझं बोलणं, नारूचा पाय बारवेत बुडवू नका, एकाचा साऱ्या गावाला होतो.

आणि सरांनी खेळ ठरवला तो आमच्याच गावात! मी हाता-पाया पडले, पण सर म्हणाले, चांगलं झालंय, घाबरता काय.

रविवारी दुपारी शाळेच्या खिडक्यांना गोणपाट लावलं, सारं गाव आत, पुढं आबा. मी मशीनपाशी पदर ओढून उभी. भिंतीवर दाराएवढा पाय आला, अंगठ्यावर चढलेलं बोट, घोट्यापाशी नारू, सगळं जसंच्या तसं. मागून कोणीतरी ओरडलं, अरे, हाऊ ते आबाना पाय शे! सारे लोक हसले. आणि टेप चालूच, माझाच आवाज, बुडवू नका, बुडवू नका. टेप बंद करायला माझा हात उठेना. आबा काठी टेकत उठले आणि गेले.

तीन दिवस मी पिशवी भरून ठेवलेली, माहेरी धाडतील म्हणून. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, आबा सांगतस, तू जाय शाळामा. आबा परत कधी बारव उतरले नाहीत, घरीच बादलीत पाय ठेवायचे. कोर्स झाला, नोकरी लागली. पण मी समोरून गेले की ते पायांवर उपरणं ओढून घ्यायचे. मी पदर ओढायचे आणि ते उपरणं. आधी निदान पाय तरी दिसायचे.

त्यांचं तोंड मी नीट पाहिलं ते गेल्यावर. अनोळखी माणूस वाटला हो. पायांवर डोकं ठेवलं तेव्हा कुठं रडू आलं.

आता माझ्या वर्गातली पोरं चित्रं काढतात, आवाज भरतात, झकास करतात, देव त्यांच्या हाताला यश देवो. मी मात्र भिंतीवर चित्र पडायच्या आधी अजून डोळे मिटते.