नोझलचा हात

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भिमाजीआण्णा, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल अंजनाताई, लोणीहून आलेले त्यांचे नातलग, नारायणगावातली वाचक मंडळी, आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेले माझे रोबोवाले सवंगडी! आपणा सर्वांना या संपतचा मनापासून नमस्कार.

सत्कार समितीचा प्रमुख म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. दोन शब्दांत भागणार नाही, आण्णा, घड्याळाकडं बघू नका. आज मला बोलून मोकळं व्हायचंय.

पाहुण्यांनी ताईंच्या सेवेबद्दल फार सुरेख सांगितलं. पण शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जो धिंगाणा चालतो, त्याच्या मुळाशीही ताईच आहेत, हे सांगायचं राहिलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर आणि इमारती मांडायच्या. दोन्ही बाजूंनी लढाईचे रोबो उभे करायचे. खेळाच्या गोष्टीत ते पाच मजली असतात, टेबलावर वीतभर. टेपनं अंतर मोजून ते पुढं सरकवायचे आणि फासे टाकून तोफा डागायच्या. पंच अर्थात ताई. माझ्यासारखा चाळिशी ओलांडलेला द्राक्ष बागायतदार तिथं पोरासोरांशी हुज्जत घालत असतो, आणि ताई चष्म्यावरून बघत म्हणतात, "संपतभाऊ, टेप सरळ धरा."

तर ताईंना निरोपाला द्यायचं काय? घड्याळं आणि फ्रेमा घरोघरी धूळ खात पडल्यात. तेव्हा समितीनं ठरवलं, आपल्या खेळातला सगळ्यांत ओळखीचा रोबो लाकडी चौथऱ्यावर बसवून द्यायचा. नाव काढलं की अख्खा खेळ डोळ्यांपुढं उभा राहिला पाहिजे, असा एकच. पण तो कोणता? सगळ्यांत उंच? सगळ्यांत जास्त लढाया मारलेला? का फ्लेक्सवर उठून दिसणारा?

बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडलं ते वृषालीनं. वृषाली म्हणजे तळेघरकडची आमची खेळाडू, एस.टी. गाठायलाच तिला कितीतरी चालावं लागतं, तरी शनिवार चुकवत नाही. ती म्हणाली, "नोझल द्या."

नोझल हा आमच्याकडचा पहिला रोबो. राखाडी, जागोजाग टवके उडालेला. अगदी सुरुवातीला टेबलावरून पडून त्याचा उजवा हात मोडला आणि हरवला. ताईंनी घरून फवारणी पंपाचं जुनं पितळी नोझल आणलं आणि हाताच्या जागी चिकटवून टाकलं. तेव्हापासून त्याचं नाव नोझल. नवीन माणूस आला की ताई पहिल्या डावाला नोझल त्याच्या स्वाधीन करतात, आणि पहिला डाव जो तो हरतोच. ज्याच्या हातून नोझल मेला नाही, असा एक खेळाडू या सभागृहात दाखवा!

आता मी काय केलं ते ऐका. मी मोठ्या माणसाचा आवाज काढला आणि म्हणालो, "अगं, मोडकी वस्तू शाल-श्रीफळाबरोबर कुणी देतं का? चारचौघांत दिसेल कसं ते?" मग कुणीतरी म्हणालं, "भाऊ, मग तुमचा रणकेसरीच द्या की. लई भारी दिसतोय." रणकेसरी हा माझा रोबो. सोनेरी रंग, दोन्ही खांद्यांवर तोफा. मी "नको रे, माझा कशाला" असं म्हणालो हो, नाही असं नाही. पण एकदाच म्हणालो, आणि तेही हळूच.

झाला ठराव बिनविरोध! सोसायटी असो का जत्रेची कमिटी, बिनविरोध म्हटलं की आपल्याला केवढं समाधान वाटतं. वाद नाही, तंटा नाही. कुणाच्या पोटात काय आहे ते पोटातच राहतं, आणि माझ्यासारख्याचं आयतंच फावतं.

वृषालीचं तोंड उतरलेलं मी पाहिलं होतं. तिची समजूत काढावी म्हणून मी नोझलला घरी नेलं, म्हटलं नवाकोरा करून आणतो. टवके भरले, झकास निळा रंग दिला, पितळ काढून पडवीत ठेवलं आणि मागवलेला नवा हात बसवला. वर स्वतःवरच खूश झालो, हे विशेष.

आज सकाळी इथं पडदा बांधताना तो तिला दाखवला. तिनं उलटासुलटा करून पाहिला. "भाऊ, ह्याचा हात कुठाय?"

"हा काय, नवा बसवलाय."

"ह्यो न्हाई वो. तो खंडूकाकांच्या पंपाचा व्हता."

खंडूभाऊ म्हणजे ताईंचे कैलासवासी यजमान. लोणीच्या रानात टोमॅटोवर ते ज्या पंपानं औषध मारायचे, त्याचं ते नोझल. आणि वृषालीनं पुढं सांगितलं ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई तिला म्हणाल्या होत्या, "मला स्मृतिचिन्ह वगैरे काही नको गं. नोझल मिळाला तर बघ. पण माझं नाव काढू नकोस, मागून घेतल्यासारखं दिसतं." त्या पोरीनं शब्द पाळला, आणि मी मात्र माझा मोठा आवाज काढून तिला खाली बसवलं.

तडक घरी गेलो. पडवीत पितळ नाही! आमच्याकडं कामाला असलेल्या कुंडलिकला विचारलं, तर म्हणतो कसा, "ते व्हय? पंपाला बसवलं की. लई बारीक फवारा उडतोय, राव. असलं आता मिळत न्हाई." म्हणजे ताईंनी जपून ठेवलेली खंडूभाऊंची वस्तू आज सकाळी माझ्या द्राक्षावर औषध मारत होती. हसा, हसा. मलाही हसू आलं असतं, पण गडबड मी केलेली ना!

हे बघा, खिशातच आणलंय. साबणानं धुतलं, तरी वास जाईना.

आण्णा, आपल्या परवानगीनं तो बिनविरोध ठराव मी इथंच मोडतो. आपल्या खेळाचा रोबो म्हणजे नोझल, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. अरे! सगळी समितीसुद्धा? त्या दिवशी कुठं ठेवले होते हे हात, राव? पण तुम्हाला कशाला बोलू. तुम्हाला हात वर करायला मी जागाच ठेवली नव्हती. वृषाली, तुझं म्हणणं खरं होतं. सगळ्यांसमोर गप्प बसवलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो.

ताई, त्या खोक्यात रणकेसरी आहे. ते उघडू नका, मी घरी घेऊन जातो. हा घ्या तुमचा नोझल. नवा हात मी उपटलाय, तिथं भोक दिसतंय. निळा रंगही मीच फासला, तो खरवडायला जाऊन आणखी नासवलं नाही. आणि हे पितळ. हे मी चिकटवलेलं नाही. पहिल्यांदा तुम्ही चिकटवलं होतं, आताही बसवायचं की वेगळं जपायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

अध्यक्ष, पाहुणे, मंडपवाले, माइकवाले, चहा देणाऱ्या वैष्णवीताई, आपण सर्वांनी वेळ दिलात, मी आपला ऋणी आहे. आता, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या, असं शेवटी म्हणायची आपली रीत. कैक व्यासपीठांवर मी ते म्हणालो आणि पायऱ्या उतरेपर्यंत विसरूनही गेलो. आज तसं करवत नाही. माझं चुकलं, ताई. तुम्ही हे हातात घेईपर्यंत मी इथंच उभा आहे.