ढवळे गुरुजींनी उलटलेलं पान

काकू, ताई, गावातले आबा-तात्या, केंद्रातले सगळे शिक्षक, आणि गुरुजींच्या हाताखालून गेलेली तुम्ही सगळी पोरं. पोरंच म्हणते, तुमच्यातल्या काहींच्या मिशा पिकल्या असल्या तरी.

आत्तापर्यंत चार जण बोलले. गुरुजी देवमाणूस होते, असं चौघांनीही सांगितलं. मलाही तेवढं बोलून खाली बसता आलं असतं. तसं कागदावर लिहून आणलं होतं, रात्री दोनदा म्हणूनही बघितलं होतं. पण तो कागद पर्समध्येच ठेवलाय. गुरुजींच्या फोटोसमोर पाठ केलेलं म्हणायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. का होणार नाही, ते सांगायलाच उभी राहिलेय. बोलता बोलता अडखळले तर सांभाळून घ्या.

मी या वस्तीवरच्या शाळेत आले तेव्हा नोकरीचं दुसरं वर्ष होतं. आम्ही दोघंच शिक्षक. गुरुजींकडे तिसरी-चौथी, माझ्याकडे पहिली-दुसरी. मधे भिंतीऐवजी एक लाकडी फळी, त्यामुळे त्यांच्या वर्गातलं सगळं मला ऐकू यायचं, आणि माझ्या वर्गातलं त्यांना.

मी नुकतीच इंदापूरला वाचनाचं प्रशिक्षण करून आले होते. पाच दिवसांचं. तक्ते, शब्दपट्ट्या, चित्रं, पिशवी भरून आणलं होतं. गुरुजींनी विचारलं, "काय शिकून आलात बाई?" मी अर्धा तास सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समदं ब्येस हाय. पण पोरानं वाचावं कशापायी, त्याचं काय सांगितलं का कुणी?"

मला राग आला. खरं सांगते, फार राग आला. हा जुना माणूस मला काय शिकवणार, असं वाटलं.

कारण गुरुजी स्वतः काय करायचे? पोरांना घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगायचे! आठवतंय ना तुम्हाला? पत्रिकेत खाली बारक्या पोरांची नावं असतात, "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं" म्हणून. पोरगं आधी स्वतःचं नाव शोधायचं. मग भावाचं. मग भाऊबंदांची नावं, कुणाचं वर घातलंय आणि कुणाचं खाली, त्यावरून भांडण. मग गाव, मग मुहूर्त. आणि गुरुजी फळीपलीकडून ओरडायचे, "आरं, जेवण कवा हाय त्ये वाचा की! त्ये न वाचता लग्नाला जाऊन उपेग काय?"

मी केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे हसत हसत सांगितलं होतं. आमच्याकडे पाठ्यपुस्तक नाही, लग्नपत्रिका चालते, म्हणून. सगळे हसले. गुरुजी तिथंच बसले होते. तेही हसले.

माझ्या दुसरीत एक मुलगी होती. तिचं नाव मी घेणार नाही. तुम्हीही शोधू नका, हात जोडते. तिला अक्षरं लागत नव्हती. पण मधल्या सुट्टीत ती गुरुजींच्या वर्गात जाऊन बसायची, मामाच्या लग्नाची पत्रिका घेऊन. स्वतःच्या नावावर बोट ठेवायची आणि तेवढंच वाचायची. परत परत.

आणि तपासणीचं पथक येणार, असा निरोप आला. मी घाबरले. ती पत्रिका तिच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, आधी पुस्तक. आणि आठ दिवस तिच्याकडून एक धडा घोकून घेतला. उंदराचा. मी म्हणायचे, ती म्हणायची. पोरगी हुशार, स्वल्पविरामाला थांबायचं तेसुद्धा तिनं पाठ केलं.

साहेब आले. त्यांनी नेमकं तिलाच उठवलं. तिनं पुस्तक उघडलं आणि घडाघडा सुरू केलं. गुरुजी तिच्या मागं उभे होते. मी समोर. मला दिसलं, आणि गुरुजींनाही दिसलं. तोंडात उंदराची गोष्ट, आणि उघडलेल्या पानावर विहिरीचं चित्र.

साहेब तिच्याकडं दोन पावलं आले. तेवढ्यात गुरुजी वाकले, आणि तिच्या खांद्यावरून हात घालून त्यांनी हळूच पान उलटलं. उंदराच्या पानावर आणून ठेवलं. साहेबांनी बघितलं, टाळ्या वाजवल्या. वर्गानं वाजवल्या. मीही वाजवल्या.

पथक गेल्यावर मी वाट बघत बसले, आता बोलतील म्हणून. गुरुजी पायरीवर बसून होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "बाई, घोकून घेतलं ती चूक तुमची. पान उलटलं ती माझी. आता दोघांनी मिळून निस्तरायची."

निस्तरली का? नाही निस्तरली. त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली. चारही वर्ग एकट्या गुरुजींवर पडले, आणि दोन वर्षांत ते निवृत्त झाले. आणि ती मुलगी वरच्या वर्गात ढकलली जात राहिली. फळ्यावरचं चित्रासारखं उतरवून काढायची. नववीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं. आता लोणी देवकरला कंपनीत जाते.

मधल्या काळात मी शिकले. गुरुजींचंच शिकले, आणि माझं म्हणून प्रशिक्षणात सांगत फिरले. लग्नपत्रिका, बियाण्याची पाकिटं, एसटीच्या पाट्या. लोक वहीत उतरवून घ्यायचे. गुरुजींचं नाव मी कधी घेतलं? एकदाही नाही. आज घेते. ते सगळं यांचं होतं.

गेल्या वर्षी गुरुजींना ती इंदापूरच्या स्टँडवर भेटली. तिनं विचारलं, "गुरुजी, ही गाडी कुठली वो?" पाटी समोर होती. कंपनीची गाडी ती रंगावरून ओळखते. गुरुजींनी बाकावर बसवून विचारलं, तेव्हा म्हणाली, "टाळ्या वाजल्या न्हवं का गुरुजी. मग मला येत न्हाय, असं कुणाला सांगू?"



त्या दिवशी गुरुजींनी मला फोन केला. "बाई, आपण दोघं तिच्याकडं जाऊ." मी म्हटलं, या रविवारी जमणार नाही. पुढच्या रविवारी घरी पाहुणे. मग परीक्षा. मला वेळ नव्हता, असं नाही. मला तिच्या तोंडापुढं उभं राहायची लाज वाटत होती. शेवटी गुरुजी एकटे जायला लागले. तिच्याच लग्नाची पत्रिका घेऊन, दर रविवारी. गुडघे दुखत असताना.

मग आजार आला. मी बारामतीच्या दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा बोलताना त्यांना धाप लागत होती. म्हणाले, "निम्म्यावर ऱ्हायलंय. तुमी जावा." मी हो म्हटलं. आठ दिवसांनी परत गेले, तर पहिला प्रश्न, "गेलात का बाई?"

आणि मी म्हटलं, "गेले गुरुजी."

मी गेले नव्हते. मरणाच्या दारातल्या माणसाशी मी खोटं बोलले. ते म्हणाले, "बरं झालं." माझ्या हातावर दोनदा थोपटलं. चौथ्या दिवशी ते गेले.

मी मनाला समजावलं, निदान समाधानानं गेले. पण परवा दहाव्याला गुरुजींच्या घरी काकूंनी मला बाजूला बोलावून एक पिशवी दिली. हे मी काकूंना विचारूनच बोलतेय. काकू म्हणाल्या, "बाई, तुमी दुसऱ्यांदा आलात त्याच्या आदल्या दिवशी ती पोरगी आलती त्यांना बघाया. अजून तिच्याकडं कुणीच आलं न्हाय, असं सांगून गेली."

म्हणजे गुरुजींना ठाऊक होतं. मी खोटं बोलतेय, हे ठाऊक असून ते "बरं झालं" म्हणाले. वर्गात त्या लेकराचं जसं झाकलं, तसं माझं झाकलं. दवाखान्यात कॉटवर पडून माझंसुद्धा पान उलटलं त्यांनी. तेव्हा ती सात वर्षांची होती. मी किती वर्षांची आहे हो?

त्या पिशवीत तिची लग्नपत्रिका आहे. गुरुजींनी पेन्सिलीनं बारीक खूण केलीय, कुठवर वाचून झालं त्याची. नवरीचं नाव झालंय. आईवडिलांचं झालंय. "लग्नस्थळ" या शब्दाशी खूण थांबलीय.

ती आत्ता इथं बसलीय की नाही, हे मी बघणार नाही. म्हणून मघापासून मान खाली घालून बोलतेय. तिनं मला दारात उभं केलं नाही, तर तेही बरोबरच. मी पुढच्या रविवारी परत जाईन. त्याच्या पुढच्याही.

आता दोन मिनिटं सगळे उभं राहू या. एरवी आपण डोळे मिटतो. आज उघडे ठेवा आणि गुरुजींच्या फोटोकडं बघा. मला बघवत नाही, पण मीही बघते.

गुरुजी, मी गेले नव्हते. आज इथून निघाले की थेट तिच्याकडं जाते.