बारा आठवडे आणि चार जिने

कपडे शिवणाऱ्या एक बाई हाडांच्या दवाखान्यात दुखरा गुडघा चोळत नंबराची वाट बघत होत्या. डॉक्टरांना भेटून बाहेर आलेले आजी-आजोबा शेजारच्या बाकावर टेकले.

“म्हणजे तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नको म्हणाले ना?”

“आत्ता नको. आधी बारा आठवडे व्यायाम आणि आठ किलो वजन कमी.”

“स्वस्तात सुटलो!”

“कसलं स्वस्तात? व्यायामाच्या वर्गाची फी, जाण्यायेण्याचं भाडं, शिवाय माझ्यासोबत येताना तुमचं दुकान बंद.”

“मग ऑपरेशनच करून टाकू. एकदाच काय तो खर्च.”

“त्यानंतरही व्यायाम सुटत नाही म्हणाले.”

“अगं, मग ऑपरेशन कशाला?”

“तेच मी आत विचारत होते, तर तुम्ही डोळे वटारलेत.”

“बरं, व्यायामाने गुडघा बरा होईल?”

“गुडघा बरा होईल असं नाही म्हणाले. मला बरं वाटेल म्हणाले.”

“दोन्हींत फरक काय?”

“मला काय ठाऊक! लेकीच्या घराला चार जिने आहेत, एवढं मला कळतं. आणि बाळ तीन महिन्यांत येतंय.”

“म्हणजे बाराच आठवडे.”

“हो ना.”

“ऊठ, घरी चालतच जाऊ.”

“भाडं वाचवायला?”

“आता मलाच कळेनासं झालंय. धर हात.”

दारापाशी तीन पायऱ्या होत्या. दोघं तिथेच थांबली.

“उतरताना आधी कुठला पाय म्हणाले होते, दुखरा की चांगला?”

“मी तर तुमच्या भरवशावर होते!”

आतून शिवणाऱ्या बाईंचा नंबर पुकारला. त्या उठल्या आणि दाराकडे जाऊन त्यांनी आजींचा दुसरा हात धरला.

“दुखरा आधी, आजी. सावकाश.”